काशीमार्गे निघालेली गाडी

आमच्या घरी एके काळी शर्यतीची मोटार होती, असं मी सांगितलं की माझ्या सुना एकमेकींकडे बघतात. त्यांना वाटतं, सासूबाई आता माहेरच्या बढाया मारायच्या वयाला आल्या. बढाई मारण्यासारखं त्या मोटारीत काही नव्हतं, हे त्यांना कसं सांगू? तिने आमच्या घराला जेवढा ताप दिला तेवढा घरातल्या तीन लग्नांनीही दिला नाही. आणि त्या तापातला मोठा वाटा माझ्याकडे आला, कारण मला इंग्रजी येत होतं. येत होतं म्हणजे काय, तर तीन पुस्तकं झाली होती आणि पाटीवरची मोठी अक्षरं लावून वाचता येत होती. पण हरिहरेश्वराच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या सुपारीच्या बागांत दडलेल्या आमच्या गावात चौदा वर्षांच्या मुलीला एवढं येणं पुष्कळ होतं, आणि मी ते कुणाला विसरू देत नव्हते. आपल्याला काय येतं हे माणसाने फार मोठ्याने सांगू नये. सांगितलं की काम गळ्यात पडतं.

मोटार बंडूकाकाची, म्हणजे माझ्या वडिलांच्या सगळ्यात धाकट्या भावाची. काका मुंबईला एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात होता. तिथे विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाने एक लहानशी गाडी भंगारात टाकली, ती ह्याने उचलली आणि मचव्यात घालून गावी आणली. आणली तेव्हा तिला छप्पर नव्हतं, दारं नव्हती आणि बाबांच्या मते अर्थही नव्हता. मागच्या अंगणातल्या सुपारी सोलायच्या पडवीत काकाने ती ठेवली आणि नोकरी सोडून दोन वर्षं तिच्याखाली उताणा पडून राहिला. आमच्या घराचे आवाज ठरलेले होते. पहाटे रहाटाचा करकराट, दुपारी पोफळीची झावळी सुटून पडल्याचा आवाज, आणि ह्या सगळ्याच्या मागे समुद्र. त्यात आता पत्र्यावर हातोडा आला. आईचा डोळा लागला की हातोडा, बाबांची संध्या सुरू झाली की हातोडा. जेवायला हाक मारली की मात्र काका ऐकायचा नाही. फणसाची भाजी आणि भात झाकून ठेवून आई पडवीच्या दाराशी उभी राहायची आणि गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांशी बोलायची. मला वाटतं, त्या दोन वर्षांत काकाचा चेहरा आम्ही विसरत चाललो होतो.

त्याच्या जोडीला हसनभाई. शेजारच्या गावचा हा माणूस उभा जन्म आगबोटीच्या इंजिनखोलीत काढून घरी परतला होता आणि त्याला शांततेत झोप येत नसे. दोघांनी मिळून त्या सांगाड्याला पत्र्याचं निमुळतं अंग चढवलं, एका माणसापुरती बैठक केली, आणि एका ओहोटीला ती गाडी किनाऱ्यावर सोडली. ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट असते तेव्हा. गाडी ह्या टोकाच्या खडकांपासून त्या टोकाच्या खाडीपर्यंत गेली आणि परत आली. मासळी वाळत घालणाऱ्या कोळणी हातातलं काम टाकून बघत राहिल्या. बाबा बघायला आले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, की ही गाडी पाणी काढते का, भात दळते का, की नुसतीच जाते?

नुसतीच जाते, हेच तिचं काम होतं. आणि एक दिवस कलकत्त्याहून पत्र आलं. तिथल्या एका मोठ्या मोटार कारखान्याच्या मालकाला काकाच्या मुंबईतल्या जुन्या साहेबाने लिहिलं होतं. मालक म्हणत होता, इथल्या मैदानावर लहान गाड्यांच्या शर्यती आहेत, तुमची गाडी घेऊन या. शर्यत पुरी करून दाखवलीत तर कारखान्याचं काम तुमच्या हाती देतो. पत्र मीच वाचलं, त्यामुळे निम्मं अंदाजाने वाचलं. बाबांनी ते तीनदा ऐकलं आणि काकाला देवघरात नेऊन त्याच्याकडून वदवून घेतलं, की गाडी मध्येच थांबली तर ती तिकडेच विकायची, परत यायचं आणि मरेपर्यंत बागेचं बघायचं. काकाने देवावरचं फूल उचललं. शब्द देताना त्याचा आवाज अजिबात हलला नाही. नंतर तो पडवीत जाऊन पुन्हा गाडीखाली शिरला.

आता गाडी कलकत्त्याला न्यायची कशी? आगगाडीने अख्खी मोटार न्यायची तर आमच्या ऐपतीबाहेरचं भाडं. तेव्हा आमच्या गावाने अशा अडचणीवर पिढ्यान्‌पिढ्या जो तोडगा काढला तोच काकाने काढला: कुणी जाणारं आहे का बघायचं. आमच्याकडे टपालाने किंवा भाड्याने काही पाठवणं हा एक प्रकारचा उधळेपणा समजत. कुणी मुंबईला निघालं की आदल्या संध्याकाळी त्याच्या ओटीवर गाठोडी येऊन पडायची. कुणाची आंबापोळी, कुणाचं मेतकूट, कुणाच्या मुलीचं बाळंतलेणं. निघणाऱ्याने नाही म्हणायचं नसतं. म्हणालाच तर पुढच्या वेळी त्याचं गाठोडं कोण नेणार? आणि त्याच वर्षी आमच्या पंचक्रोशीतली अकरा माणसं गणूभटजींबरोबर काशीयात्रेला निघाली होती: काशी, गया, तिथून कलकत्त्यावरून जगन्नाथपुरी. काकाला ह्यात ईश्वरी संकेत दिसला. सांगाडा आणि इंजिन तो आणि हसनभाई मालगाडीने घेऊन पुढे जाणार, आणि उरलेली मोटार यात्रेकरू वळकट्यांतून नेणार.

तुम्हाला खोटं वाटेल, पण एकानेही नाही म्हटलं नाही. चार चाकं चौघांच्या अंथरुणांत गेली. धूर जायची लांब नळी गणूभटजींनी धोतरात गुंडाळून घेतली. सुकाणूचं चाक एका आजोबांनी गळ्यात अडकवून पाहिलं आणि मग पिशवीत घातलं. राहिली पेट्रोलची टाकी. जुनी गंजली होती म्हणून काकाने श्रीवर्धनच्या तांबटाकडून नवी तांब्याची करून घेतली होती, मोठ्या कळशीएवढी, वर एक तोंड आणि खाली एक बारीक नळी. तांबटाने ती दिली तेव्हा काका निघून गेला होता. ती माईआत्याने घेतली.

माईआत्या बाबांची बहीण. अकराव्या वर्षी कपाळ पांढरं करून परत आली होती आणि तेव्हापासून आमच्या माजघरात होती. तिला कधीतरी काशीला न्यायचं हे बाबा माझ्या जन्माआधीपासून म्हणत होते. तिचं सोवळं कडक. गाडीच्या दुसऱ्या कुठल्या भागाला तिने काठीनेही स्पर्श केला नसता. पण टाकी कोरी होती, तेलाचा थेंब तिला लागलेला नव्हता, आणि शिवाय तांब्याची. "ही चालेल," आत्या म्हणाली आणि चिंच लावून तिने ती लखलखीत घासली. तिच्या सोबतीला आणि इंग्रजी पाट्या वाचायला मी. निघताना काकाचं कार्ड आलं: टाकीत पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नकोस, नाहीतर इंजिन बंद पडेल आणि माझाही कारभार आटोपेल. ते मी सगळ्यांदेखत खणखणीत वाचून दाखवलं. आत्याने मान डोलावली.

त्या प्रवासाबद्दल मला कुणी विचारू नये. आगबोटीत मला समुद्र लागला आणि आगगाडीत माणसं लागली. आमच्या डब्यात बाकाखाली चाकं, बाकावर यात्रेकरू आणि मध्ये उघडलेली फडकी: दशम्या, लोणचं, दडपे पोहे. खायला वाकलं की डोक्याला काहीतरी लोखंडी लागायचं. तिकीट तपासणाऱ्या प्रत्येक साहेबाला मी पुढे होऊन माझ्या तीन पुस्तकांच्या इंग्रजीत समजवायची, की ही मोटार नाही, हे आमचं अंथरूण आहे. एकाने वळकटी सोडायला लावली आणि चाक गडगडत डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं. गणूभटजी शांतपणे म्हणाले, "सुदर्शन आहे म्हणून सांग त्याला." मला त्या वयात विनोद कळत नसे. मी सुदर्शनचं इंग्रजी शोधत बसले, आणि त्या माणसाचा धीर सुटून तो पुढच्या डब्याकडे गेला. सगळे हसत होते आणि मी एकटी रडकुंडीला आले होते. आज मी हसते, पण तेव्हा मनात एवढंच होतं, की हे लोक यात्रेला निघालेत की भंगार विकायला?

काशीत आम्ही पाच दिवस होतो. घाट, गर्दी, पायऱ्यांवरचं शेवाळ, आणि आत्या. आत्याचं मी कधी असं तोंड पाहिलं नव्हतं. ती पाण्यात उभी राहिली की बाहेर यायचं नावच घेत नसे. शेवटच्या दिवशी बरोबरच्या सगळ्यांनी गंगेचे गडू घेतले. तांब्याचे छोटे गडू, तोंडाला वितळलेल्या कथलाचा डाख देऊन कायमचे बंद केलेले. ते घरी नेऊन देवात ठेवायचे आणि कुणाचं शेवटचं आलं की फोडायचे. आत्याजवळ गडूपुरतेही सुटे उरले नव्हते आणि माझ्याकडे मागायचं तिच्या मनात आलं नाही. मी तेव्हा धर्मशाळेच्या दारातली एक इंग्रजी पाटी चार बायकांना समजावून सांगत होते. त्यात मी इतकी रंगले होते, की टाकी ठेवलेला कोपरा रिकामा झाला हे मला दिसलं नाही.

आत्या परत आली ती टाकी कमरेवर घेऊन, एका बाजूला वाकलेली. उरलेल्या चार पैशांत वरचं तोंड डाखाने बंद करून आणलेलं, खालची नळीही. आत डुचमळत होतं. मी बघतच राहिले. मग ओरडले, की काकाने काय लिहिलं होतं, पाण्याचा थेंबही नको म्हणून, मी वाचून नव्हतं दाखवलं?

"पाणी नको म्हणाला," आत्या म्हणाली. "मी पाणी कुठं घातलं? गंगा घातल्ये. आणि एवढं तांब्याचं भांडं काशीहून रिकामं न्यायचं? लोक काय म्हणतील?"

तिच्या मते तिने काकाचं भलंच केलं होतं. गावात गंगा दोन-तीन घरीच असायची. खालच्या आळीत कुणी जायला टेकलं की तिथला माणूस पळत वर यायचा, आणि दर वेळी गंगा घेऊन वेळेत पोचायचाच असं नाही. आता एवढी मोठी गंगा आमच्या घरी येणार, कुणालाही मिळणार. काका ह्या टाकीचं करून करून काय करणार होता? रॉकेलच घालणार होता ना? मी चिडले, रडले, जेवले नाही. गणूभटजींकडे गेले तर ते म्हणाले, बंद केलेली गंगा वाटेत उघडत नाहीत, कलकत्त्याला बघू. गयेपर्यंत आणि पुढेही ती टाकी मांडीवर घेऊन मीच बसले होते. आत्या थकली होती, आणि टाकी जमिनीवर ठेवायची नव्हती.

कलकत्त्याला पोचलो तेव्हा शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी होती. काका आणि हसनभाई एका मराठी कारकुनाच्या घरामागच्या अंगणात गाडी जोडत बसले होते. यात्रेकरूंनी एकेक करून आपापला भाग आणून दिला, जसा नैवेद्य द्यावा तसा. काकाने सगळं जोडलं आणि म्हणाला, "नमे, टाकी." मी टाकी पुढे केली. ती हातात घेताच त्याला वजन कळलं. मग डाख दिसला. काका माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. तो जमिनीवर बसला फक्त.

हसनभाईने डोकं चालवलं, की रॉकेलचा डबा दोरीने बांधू. पण शर्यतीआधी शर्यत भरवणाऱ्या क्लबाचा माणूस गाडी तपासणार होता, बांधलेला डबा तो चालू देणार नव्हता. दुसरी टाकी करायला वेळ नव्हता. तेव्हा डाख उकलायचा, एवढंच शिल्लक राहिलं. काका आत्याजवळ गेला. म्हणाला, माई, हे पाणी दुसऱ्या भांड्यात काढून ठेवू. आत्या म्हणाली, उघडलेली गंगा परत बांधून न्यायची नसते, ती त्याच दिवशी सरली पाहिजे, आणि जमिनीवर सांडता कामा नये. काका म्हणाला, मग इथल्या नदीत सोडू, तीही गंगाच. आत्या म्हणाली, तिथून उचलून इथे ओतायची तर आणली कशाला? गंगा कुणासाठी तरी आणायची असते. दोघांचंही खरं होतं आणि मला दोघांचीही तोंडं बघवत नव्हती. सकाळ होत आली होती.

शेवटी काका हात जोडून म्हणाला, "माई, ही गाडी आज निघाली नाही, तर मला जन्मभर दादाच्या घरात बसावं लागेल."

"मी बसल्येच आहे की," आत्या म्हणाली. "पस्तीस वर्षं."

काकाने हातातली पकड खाली ठेवली. पुन्हा उचलली नाही. त्याने हसनभाईला सांगितलं की राहू दे, गाडी इथेच विकू. हसनभाई बादली उचलून नळावर गेला, सवयीने. रेडिएटरात, म्हणजे गाडीच्या पुढच्या जाळीत, पाणी भरून ठेवायचं ते त्याचं काम होतं. आत्या बघत होती. तिने त्याला विचारलं की हे पाणी कशाला?

"इंजिन तापतंय ना, माई," हसनभाई म्हणाला. "ह्याला पानी पाजलं नाय तर जळून जाईल. हे पितंय म्हणून धावतंय."

आत्याने बादलीकडे पाहिलं आणि टाकीकडे पाहिलं. मग उठली, अंघोळ करून ओलेत्याने आली आणि म्हणाली, ती बादली ओतून दे, आणि बंडू, डाख उकल. प्रत्येक यात्रेकरूने ओंजळभर घेतली. कारकुनाच्या घरातल्यांनी घेतली. हसनभाईने हात मागे घेतला, तर आत्याने त्याला दटावलं आणि त्याच्याही ओंजळीत घातली. उरलेली सगळी, काठोकाठ, तिने स्वतः आपल्या हाताने गाडीत ओतली, एक थेंब न सांडता. ज्या बाईने गाडीला काठी लावली नसती ती तिच्या तोंडाशी वाकून उभी होती. मग हसनभाईने रिकामी टाकी निखाऱ्यावर धरून धरून वाळवली, आणि मी विचार करत होते की ही सगळी माणसं वेडी आहेत आणि ह्यांच्यात शहाणी मी एकटी. माझं शहाणपण एवढंच, की आत्याने टाकी नेली तेव्हा मी पाटी वाचत होते.

शर्यत अर्ध्या तासाची. मैदानाभोवती दोर बांधले होते. दोराच्या एका बाजूला छत्र्या घेतलेल्या मडमा आणि दुसऱ्या बाजूला आमचे अकरा यात्रेकरू, पाय दुखतात म्हणून वळकट्यांवर बसलेले. सात गाड्या होत्या. काकाची सगळ्यात बुटकी. एक गाडी पहिल्याच वळणावर गवतात गेली. काकाची पुढे जाईना आणि थांबेहीना. शेवटच्या फेऱ्यांत तिच्या नाकातून वाफ यायला लागली, आधी बारीक, मग भसाभस पांढरी. हसनभाईने डोळे मिटले. आत्याने ती वाफ बघितली आणि हात जोडले. मग गणूभटजींनी जोडले आणि मग सगळ्यांनीच. काका सहावा आला. त्याच्यामागे कुणी नव्हतं. पण तो थांबला तो शेवटच्या रेषेच्या पलीकडे थांबला. कारखान्याचा मालक, तोंडात चिरूट धरलेला लठ्ठ माणूस, वाकून इंजिनाकडे बघत राहिला आणि मग त्याने काकाचा हात हातात घेतला. तो काय म्हणाला हे मला सगळ्यांनी विचारलं. मला एक शब्दही कळला नव्हता. पण काकाकडे बघून कळत होतं.

काका तिकडेच राहिला. आम्ही पुरी करून घरी आलो. आल्यावर यात्रेचं मावंदं घातलं. गाव जेवायला. घरोघरचे बंद गडू चौरंगावर मांडले, फुलं वाहिली. आमच्या आत्यापुढे काहीच नव्हतं. मला इतकी लाज वाटत होती की मी स्वयंपाकघरातून बाहेर येईना. आत्याने मात्र विहिरीचं पाणी तांब्यात भरलं, चौरंगावर ठेवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की माझी गंगा मी बंडूच्या गाडीला पाजली, हे आपल्या विहिरीचं आहे, घ्यायचं असेल त्यांनी घ्या. पाटांवर कुजबूज झाली. कुणीतरी हसलं. गणूभटजींनी पळी उचलून पहिलं तीर्थ स्वतः घेतलं आणि मग एकामागून एक हात पुढे आले.

बाबा सगळ्यात शेवटी उठले. काकाचं नोकरी लागल्याचं पत्र त्यांना आधीच मिळालं होतं आणि चार दिवस ते आत्याशी बोलले नव्हते. आत्यापुढे येऊन त्यांनी हात केला. तिने पळी घातली. ते प्यायले, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि तिथेच उभे राहिले.

"पाणी पुरलं का शेवटपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"पुरलं," आत्या म्हणाली, आणि त्यांनी हात मागे घ्यायच्या आत दुसरी पळी घातलीन.